विभूतीच्या डबीतलं शेवाळ

१० एप्रिल, सेलू
आले एकदाची. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची नोकरी, राहायला हवेशीर खोली, आणि घरमालकीण महादेवीकाकू. नशीबच उघडलं म्हणायचं. आमच्यासारख्याच लिंगायत, एकट्याच राहतात. म्हणाल्या, अनुपमा, लेकीसारखी राहा, सकाळची लिंगपूजा संगंच करत जाऊ. ठेचा मात्र जाळ असतो बाईंचा.

माझ्या सरांनी दक्षिण ध्रुवाजवळच्या तळ्यातून आणलेलं वाळकं शेवाळ मला दिलं होतं. त्याची बाटली प्रवासात फुटली. राखेसारखी पूड ती, विभूतीच्या रिकाम्या डबीत भरून खिडकीत ठेवली.

१५ एप्रिल
आज पोरांना तेच शिकवलं. तिकडची तळी हिवाळ्यात गोठतात, कधी पार आटतात. शेवाळ मरत नाही. अंगातलं पाणी सोडतं, चिकट लेप पांघरतं आणि वर्षानुवर्षं निजून राहतं. थेंब लागला की जागं. पोरं म्हणाली, मॅडम, आमच्या मे महिन्यात टिकलं तर खरं.

१९ एप्रिल
डबी देवघरात सापडली. काकूंना वाटलं, विभूतीच. रोज कपाळाला लावली, लिंगाला लावली, वरून वाहिलेलं पाणी तीर्थ म्हणून प्यायल्या. पूजेत मलाही लावली, तीर्थ दिलं, मी डोळे मिटून घेतलं. रागावू कुणावर, डबी माझीच. पचून जाईल म्हटलं.

२४ एप्रिल
काकूंच्या कपाळावरचे पट्टे धुऊन जाईनात. हिरवे, बुळबुळीत. लय तहान लागायली म्हणतात. डॉक्टर म्हणाले ऊन बाधलं, पाणी पाजा. शेवाळाचं सांगितलं तर हसले.

२७ एप्रिल
जेवढं पाजलं तेवढं पसरलं. मान, जीभ. काकू हात धरून म्हणाल्या, पाणी देऊ नको माय. मी रांजण पालथा घातला.

३० एप्रिल
काकू वाळत गेल्या. बसल्या जागी. डॉक्टर म्हणाले, संपल्या. नाही. निजल्यात. मला माहीत आहे ना.

१ मे
रिवाजाप्रमाणे अंघोळ घातली. पाणी पडताच पट्टे हिरवे झाले, पापणी हलली. मी ओरडले. जमलेले म्हणाले, पोरीच्या मनावर परिणाम झालाय. दोघी बायांनी मला धरलं. काकूंना खड्ड्यात बसवलं, माती लोटली— डोळे उघडे होते—

६ मे
माझं कपाळ. प्यायले तर वाढतं, नाही प्यायले तर मीच—

९ मे
बोटं वळत नाहीत. तहान. भीती वाटते, लय भीती.

आमच्यात जाळत नाहीत. बसवून पुरतात. जो कुणी दार उघडेल त्याने मला जाळावं. मी निजलेली असेन. अंघोळ घालू नका. पाणी ला—