पेकच्या घराचे ओंडके

कॅन्सस, ९ ऑगस्ट १८५६

प्रिय माल्विनाताई,

तू आणि मुलं खुशाल असाल असं धरून चालते. इकडे मका डोक्याच्या वर गेलाय, कोंबड्या अंडी घालतायत, आणि माझं पोट एवढं पुढे आलंय की चुलीशी वाकताना अंदाज चुकतो.

तू विचारलंस, पत्राच्या शेवटी एबेनच्या दोन टिंगलीच्या ओळी असायच्या, त्या हल्ली का नसतात? मागच्या वेळी मी ते टाळलं. आजही आधी कोंबड्याच लिहिल्या, बघ.

दिवसभर नुसता वारा आणि गवत. बोलायला कुणी नाही म्हणून गाईवर डाफरते. ती बिचारी ऐकून घेते. दर सोमवारी एबेनचे सदरे धुऊन बाहेर दोरीवर घालते. ते मळलेले नसतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला घरात पुरुष आहे असं वाटावं, एवढंच.

एबेन गेला गं ताई. जूनमध्येच गेला.

आमच्या शेजारी पेक म्हणून मॅसॅच्युसेट्सचा माणूस आला होता. बायको, मुलं, सगळे तंबूत. घर उभारायला त्याने आसपासच्यांना बोलावलं. मी म्हटलं, "जाऊ नकोस. तो गुलामगिरी नको म्हणणाऱ्या उत्तरेकडचा, आपण गुलाम ठेवणाऱ्या मिसूरीचे. इथे गुलाम असावेत की नसावेत यावरून माणसं एकमेकांची घरं जाळतायत. उगाच कुणाच्या डोळ्यांवर कशाला यायचं?"

एबेन हसला. "माणूस विकत घेणं मला कधी पटलं नाही, हे तुला ठाऊक आहे. पण आज त्याचा काय संबंध? ओंडके उचलायला बोलावलं की जायचं. तिथे कोण कुणाचं मत विचारतं? आणि येताना पेकबाईचं लोणचं आणतो तुला. डोहाळे माझ्या जिवावर उठलेत."

आपल्या गावी असंच होतं ना. पण नदीपलीकडून, आपल्या मिसूरीतून आलेल्या स्वारांनी लांबून काय पाहिलं? पुरुषांचा घोळका, रचलेले ओंडके, कुऱ्हाडी. त्यांना वाटलं, गढी बांधतायत. विचारायला कुणी थांबलं नाही. एबेन वर भिंतीवर बसून ओंडक्याला खाच पाडत होता, गोळी त्यालाच लागली.

पेकने त्याला गाडीत घालून आणलं. तेव्हा शुद्धीवर होता. म्हणाला, "लीअँडर होता त्यांच्यात. तोंडाला रुमाल होता, पण घोडी त्याचीच. मला ओळखलं त्याने, आणि मान फिरवली." थोड्या वेळाने म्हणाला, "ताईला सांगू नकोस."

तुझा नवरा, ताई. त्याच्या गोठ्याचं आढं एबेनने खांद्यावर घेतलं होतं, आठवतं? गोळी लीअँडरची होती असं मी म्हणत नाही. ते मला माहीत नाही. पण मला त्याचा राग आहे, आणि तो काही केल्या जात नाही.

पेक मंडळी त्याच आठवड्यात परत निघून गेली. अर्ध्या भिंती तशाच उभ्या आहेत.

तू म्हणशील, सगळं सोडून इकडे ये. मी येणार नाही. घर रिकामं दिसलं की कुणीतरी खुंट ठोकून जमीन आपली म्हणतो, आणि एबेनला मी इथेच पुरलंय.

सप्टेंबरअखेर दिवस भरतील. जवळपास बाईमाणूस नाही, आणि मला भीती वाटते. काही न सांगता बोलावलं असतं तर तू धावत आली असतीस, हे मला कळतं. तसं पत्र लिहायलाही घेतलं होतं. पण तू माझा हात धरून बसणार आणि लीअँडरच्या गमती सांगणार, ते माझ्याने ऐकवलं नसतं.

तेव्हा आधी त्याला विचार. तो काय सांगतो ते ऐकून घे. मग यावंसं वाटलं तर ये. त्याने नदीपर्यंत आणून सोडलं तरी चालेल. अलीकडे मात्र एकटी ये.

आलीस तरी आणि नाही आलीस तरी,
तुझीच धाकटी,
ड्रुसिला