पतंगांचा आलेख

११ ऑक्टोबर २०१७
बसलं एकदाचं! मोबाइलवर ऑक्टेव्ह, गणित नि आलेखांचं सॉफ्टवेअर. यवतमाळला कॉलेजच्या वायफायवर उतरवून आणलं, आता नेट लागत नाही. या गावात नेट हवं तर पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं. अंगठ्यानं मॅट्रिक्स भरताना अर्धविराम सापडत नाही, फोन तव्यासारखा तापतो. पण गणित करतो.

१३ ऑक्टोबर
किसनरावांच्या सहा एकर पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, आमच्या प्रकल्पासाठी मी कामगंध सापळा लावलाय – आत वासाची गोळी, तिच्या नादानं बोंडअळीचे पतंग येऊन अडकतात. त्यांच्या घरच्या इंदुताई रोज सकाळी मोजतात, काढून टाकतात, आकडा वहीत लिहितात. ९, १४, २२. सलग तीन दिवस आठच्या वर म्हणजे धोका.

किसनराव विचारतात, "गुंजन मॅडम, पऱ्हाटी ठेवू का उपटू? हरभऱ्याचं बी आणून ठेवलं." म्हटलं, तीनच दिवसांचे आकडे आहेत, दिवाळीनंतर नक्की सांगते.

२२ ऑक्टोबर
दिवाळी घरी. आई म्हणाली, वाळलीस. नेहमीचंच.

२७ ऑक्टोबर
वहीतले पुढचे आकडे भरले. आधी विशीत, मग ३, २, १, ०, ० आणि पुढे रोज शून्यच. रेष उतरत थेट जमिनीला टेकली! इतका देखणा आलेख एमएस्सीतही निघाला नव्हता. फोन किसनरावांसमोर धरला.

"म्हंजे अळी गेली?"

"आकडे तसं म्हणतात."

"मंग कायले उपटू!"

खोटं कशाला बोला, मिरवावंसं वाटलं.

४ नोव्हेंबर
आज सापळा पाहिला. लख्ख! इंदुताई म्हणाल्या, "दिवाळीले सारं घर धुतलं, मंग यालेच काहून घाण ठेवू? ते गोळी तं लई चिकट झालती. साबनाच्या गरम पान्यात दोनदा खंगाळली."

कधी? सोळा तारखेला. आकडे तिथूनच उतरलेत. वासच गेला तर पतंग येतील कशाला!

त्यांची चूक नाही. गोळीला हात लावू नका, हे मी सांगितलंच नव्हतं. आलेख काढत बसले आणि एक बोंड फोडून पाहिलं नाही. आत्ता वीस फोडली. सतरांत गुलाबी अळी. लाज वाटते.

किसनराव आर्णीला गेलेत. उद्या सांगते.

५ नोव्हेंबर
मी तोंड उघडायच्या आत किसनराव म्हणाले, "बसा मॅडम. तुमचं आयकून आठ जणायनं हरभऱ्याचं बी वापस केलं. त्याइलेही बलावलं."

चहा येईपर्यंत हे लिहितेय. आठही जण ओसरीवर बसलेत. त्यांना वाटतंय, मी नवा आकडा आणलाय.