अनसूयेची दाढ

आष्टा, ३ फेब्रुवारी १९७५
हिची खालची डावी दाढ ठणकतेय. रात्रभर कण्हणं. माझी झोप गेली. सांगलीला दातांच्या डॉक्टरकडे जायचं म्हणते. स्पष्ट सांगितलं, अख्खी नोकरी मिल्ट्री हॉस्पिटलात काढलीय. (स्टोअरला होतो. पण औषधं माझ्याच हातून जायची.) संकल्प : दाढ घरीच बरी करणार.

४ फेब्रुवारी
लवंगेचं तेल. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. दुपारी ठणका कमी. शेजारच्या रंगूबाई म्हणाल्या, तरीबी डाक्टरला दावा. मेडिकल मॅटरमध्ये बायका नाक का खुपसतात?

५ फेब्रुवारी
ठणका परत. आता सायन्स. अ‍ॅस्पिरिनची गोळी गिळायला न देता थेट हिरडीवर दाबून ठेवली. दुखतं तिथंच औषध. आग होतेय म्हणाली. म्हणजे लागू पडतंय.

६ फेब्रुवारी
हिरडी पांढरी पडली. जंतू मेले असावेत. ही जेवली नाही. भाकरी थापल्या, पण जाड. बोललो नाही. आजारी माणसाला सांभाळून घ्यावं लागतं.

७ फेब्रुवारी, संध्याकाळ
गाल सुजला. आतलं बाहेर ओढायला गरम विटेचा शेक दिला. सूज वाढली. ओढलं जातंय.
नेमका हिचा भाऊ दादासो आला. सांगलीत हळदीच्या पेठेत दिवाणजी आहे, स्वतःला कलेक्टर समजतो. म्हणाला, "दाजी, सूज गळ्याकडं उतरलीया. आक्काला आत्ताच्या आत्ता नेतो."
सांगितलं, माझ्या घरातला पेशंट माझ्या परवानगीशिवाय हलणार नाही. तो हिच्याकडे बघत राहिला, मग एकटाच परतला. ही जागची उठली नाही. माझ्यावर विश्वास आहे.

८ फेब्रुवारी
आज कण्हणं बंद. तक्रार नाही. अंग तापलंय, तोंड जेमतेम उघडतं. पण शांत आहे. पारावर दोस्त आकारामला सांगितलं, दाढ काबूत आली.

९ फेब्रुवारी, दुपार
चूल थंड. घर रिकामं. रंगूबाई म्हणाल्या, तोंडावर पदर घेऊन सकाळच्या यष्टीनं गेली, एकटीच. मला न विचारता! एवढ्या सेवेनंतर!

सांगली, १० फेब्रुवारी
दादासोकडून कळलं, दातवाल्यानं हिला बघताच हॉस्पिटलात धाडलं. गळ्याखाली चीर देऊन पू काढला, दाढही काढली. डॉक्टर पोरसवदा. म्हणाला, गोळी गिळायची असते, हिरडीवर ठेवली की भाजते. सुजेवर शेक द्यायचा नाही, थंड पट्टी ठेवायची. आणि गाल सुजला की त्याच दिवशी यायचं. उशीर झाला असता तर श्वास कोंडला असता. कुणी केलं हे?
मी म्हणालो, खेड्यातले लोक ऐकत नाहीत हो.
बँडेजमुळे हिला बोलता येत नसेल असं मी धरून चाललो होतो. बोलली. "ह्ये आमचं मालक. ह्येंनीच केलंय." आवाजात राग नाही. कुठली दाढ दुखते हे दाखवावं, तसं.

१५ फेब्रुवारी
डिस्चार्ज. न्यायला गेलो. दादासो म्हणाला, आक्का माझ्याकडं ऱ्हाणार. किती दिवस, विचारलं. म्हणाला, तिलाच इचारा.
विचारलं.
"दादासोकडं दुकतंय म्हटलं की ऐकत्यात," ती म्हणाली.
तापात माणूस बरळतं. कपाळ बघायला हात पुढं केला. तिनं मान मागं घेतली.