भिंतीकडे तोंड करून

बाबा, गेल्या आठवड्यात तुमच्या कॉलेजच्या मैदानावर गेलो होतो. वाशीमजवळच्या मालेगावात मी ज्या कॉलेजात खेळाचा मास्तर आहे तिथली मुलं सोबत होती, कबड्डीचा सरावसामना होता. तुम्ही गेल्यापासून त्या फाटकाच्या आत मी पाऊल टाकलं नव्हतं. तुमच्यावरचा राग इतका जपून ठेवला होता की त्या मैदानावरही तो काढत होतो. मुलं खेळायला लागली आणि मी पाण्याच्या खोलीच्या त्या पांढऱ्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो. तुम्ही उभे होता तिथंच, तसाच, मुलांकडे पाठ करून. खरं सांगतो, तुमची नक्कल करायला, खिजवायला उभा राहिलो. मेलेल्या बापाला खिजवणारा जिल्ह्यात मी एकटाच असेन. तिथं काय झालं ते सांगतो, पण आधी तो दिवस सांगू द्या. आजवर पुष्कळांना सांगितला, तुम्हाला कधी धड सांगितला नाही, नुसता तोंडावर फेकला.

मी तुमच्याच कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि कबड्डीचा संघ खेळाचे मास्तर म्हणून तुम्ही निवडायचात. संघात मुख्य चढाईपटूची जागा एक आणि दावेदार दोघं, मी आणि केनवडचा तो बुटका, काटक मुलगा, ज्याचे पाय कुणाच्या हाती लागायचे नाहीत. गावभर एकच चर्चा, "मास्तर आपल्याच पोट्ट्याले घेतीन, पाह्यजा." कुणीतरी आपल्या दारावर डांबरानं शिवी लिहिली. लिहिणाऱ्याला मी बसस्टँडवर गाठला, पाडला आणि नाकातून रक्त येईपर्यंत तुडवला. तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही ओरडलादेखील नाहीत. ओसरीवर बसून बुटांना पॉलिश करत होता, मान वर न करता म्हणालात, "आता तुले घेतलं तरी बदनाम, नाई घेतलं तरी बदनाम." आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर ते तुमचं जगावेगळं फर्मान निघालं. दोघांना पाच-पाच चढाया, समोर तेच सात बचावपटू, आणि तुम्ही पाहणार नाही. कर्णधारानं नुसतं ओरडून सांगायचं, आला की गेला, म्हणजे सुटून परत आला की बाद झाला. तो बिचारा म्हणाला, "सर, आवाजावरून तर वळखसानच ना." तुम्ही म्हणालात, "वळखीन. पण आवाजाले गुण देता येत नाई. आला का गेला, एवढंच सांग." आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिलात. सगळे खूश झाले. काय न्यायी माणूस म्हणाले! तुमच्या पाठीमागे सात जणांना मोकळं रान मिळालंय हे फक्त मला दिसत होतं.

चार-चार चढाया झाल्या आणि बरोबरी होती. माझा ओठ तोवर फुटला होता, कुणीतरी पकडीच्या नावाखाली बरगडीत कोपर घातलं होतं. त्या सातांत डाव्या कोपऱ्याला केनवडचाच एक दांडगा होता, आणि बसस्टँडवर मी ज्याला तुडवला तो त्याचा मावसभाऊ. पाचवी चढाई माझी. मी आत शिरतो, कबड्डी कबड्डी म्हणत, उजवीकडच्याला लाथ लागते, गुण मिळाला असं वाटतं आणि वळतो तोच दांडगा घोटा धरतो. मी पडत नाही. त्याला फरफटत ओढत आणतो, अजून दोघं कमरेला लटकतात, एक जण केस धरतो, मी एकाच्या तोंडावर टाच मारतो, मध्यरेषा पुढ्यात आहे, हात लांबवून स्वतःला झोकून देतो. दम तुटतो. "गेला!" कर्णधार ओरडतो. इथं संपायला हवं होतं. पण दांडगा उठला, उडी मारली आणि गुडघा घेऊन माझ्या खांद्यावर पडला. गळ्यालगतचं हाड मोडल्याचा आवाज मी आतून ऐकला. मी गुरासारखा ओरडलो, बाबा. तोंडात माती होती, आणि त्या मातीतून मी फक्त तुमच्या पाठीकडे बघत होतो. वळेल, आता वळेल. तुमचा शर्ट हलला नाही. तुम्ही म्हणालात, "पुढचा." केनवडचा मुलगा चढाईला गेला, एकाला शिवून परत आला. संघ ठरला.

वाशीमला प्लास्टर घालून तुम्ही मला मोटारसायकलवर मागे बसवून आणलंत. घरी आई भाकरी थापत होती. माझा गळ्यात बांधलेला हात पाहिला आणि तिनं पिठाची काटवट उचलून जमिनीवर आपटली, पीठ भिंतीपर्यंत उडालं. "पोराचं हाडूक मोडून राह्यलं होतं अन् तुमी काय करून राह्यले होते?" तुम्ही म्हणालात, "मी भिंत पाहून राह्यलो होतो." ती म्हणाली, "आग लागो त्या भिंतीले!" मी तर त्याहून वाईट बोललो. आईसमोर पहिल्यांदा म्हणालो की माझा हात रेषेला पोचला होता, कर्णधार खोटं बोलला, आणि तुम्ही पाठ फिरवली म्हणून माझी जागा गेली. तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत. मग पाटावर बसलात, भाकरी चुरलीत, वरणात कालवलीत आणि ताट माझ्यापुढे सरकवलंत. प्लास्टर निघेपर्यंत रोज तुम्हीच कालवून दिलंत. मी एकदाही तुमच्या तोंडाकडे पाहून जेवलो नाही.

हाड जुळलं, डोकं जुळलं नाही. मैदानावर परत गेलो तो बचावपटू म्हणून, आणि पहिल्याच दिवशी केनवडच्या मुलाला धरलं. त्याच्यावर माझा राग नव्हता, त्यानं माझं काहीच बिघडवलं नव्हतं. तरी त्याचा घोटा धरून पाडला, वर बसलो आणि कोपर तोंडावर हाणलं. पुन्हा हाणलं. दात तुटून माझ्या कोपरात रुतला, अजून व्रण आहे. या वेळी तुम्ही भिंतीकडे तोंड करून नव्हता. धावत आलात, मला गचांडी धरून उचललंत आणि थोबाडीत अशी मारलीत की कानात शिट्टी वाजली. दुसरी मारलीत. तिसऱ्यांदा हात उचललात तेव्हा मी सगळ्यांसमोर किंचाळलो, "माहा हात पोचला होता! तुमी पाठ फिरवली होती, बाप आहा का कसाई?" तुमचा हात वरच राहिला. वाटलं, आता काहीतरी बोलाल. ओठ हलले होते तुमचे. मग हात खाली घेतलात आणि त्या मुलाच्या तोंडाला आपला रुमाल लावत बसलात. मी मैदान सोडलं.

त्यानंतर भांडायला मला दुसरं कारण लागलं नाही. नोकरीवरून, लग्नावरून, कशावरूनही गाडी त्या रेषेवर यायची. शेवटी शेवटी दवाखान्यात तुमच्या नाकात नळी होती, तरी मी सोडलं नाही. म्हणालो, "एवढं तरी कबूल करा, माहा हात पोचला होता." तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "पोचला असन, बाप्पा." मी जिंकल्यासारखा बाहेर येऊन चहा प्यायलो.

तर गेल्या आठवड्यात मी त्या भिंतीपुढे उभा होतो. हिवाळ्यातलं संध्याकाळचं ऊन, मैदानाच्या पलीकडून सरळ भिंतीवर येणारं. सामना मागे चालू होता. आणि भिंतीवर, बाबा, तो सगळा दिसत होता. माझ्या पाठीमागच्या मुलांच्या सावल्या त्या पांढऱ्या चुन्यावर मोठ्या होऊन पळत होत्या. कोण आहे ते नुसत्या चालीवरून ओळखू येत होतं. छतावरच्या टाकीवरून उतरणारा लोखंडी पाइप भिंतीच्या मधोमध, आणि मध्यरेषा दरवर्षी तुम्ही त्याच पाइपाच्या सरळ रेषेत आखून घ्यायचात, अजूनही तशीच आखतात. माझ्या एका मुलाला तिघांनी धरलं, त्यानं हात लांबवला, आणि तो हात पाइपाच्या अलीकडेच खाली आला. मागून पंच ओरडायच्या आधी मला कळलं होतं. मी भिंतीला हात टेकून खाली बसलो. मुलांना वाटलं सरांना चक्कर आली, कुणीतरी पाणी आणलं.

आपल्या निवडीच्या दिवशीही हेच हिवाळ्यातलं संध्याकाळचं ऊन होतं. म्हणजे तुम्ही पाहिलंत. तुमचा नियम तुम्हीच मोडलात आणि पोराला बघत राहिलात. दांडग्यानं घेतलेली उडी पाहिलीत, गुडघा पडताना पाहिलात आणि तरी म्हणालात, पुढचा. त्यासाठी तुम्हाला माफ करायला मला अजून जमत नाही, हेही लिहून ठेवतो. पण हातसुद्धा पाहिलात. मी आईसमोर बोललो तेव्हा, मैदानावर किंचाळलो तेव्हा, दवाखान्यात छळलं तेव्हा एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं. त्यासाठी तुम्हाला फक्त 'मी पाहत होतो' एवढं कबूल करावं लागलं असतं. ते केलं नाहीत, आणि मला लबाडही म्हणाला नाहीत.

हे कागद मी कपाटात तुमच्या शिट्टीखाली ठेवणार आहे. आईला तोंडानं सांगायला हवं, धीर होईल की नाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतो. हात पोचला नव्हता, बाबा. चार बोटं कमी पडला. मी पडलो होतो, रेषा डोळ्यांसमोर होती, आणि हाड मोडायच्या आधीच मला ते दिसलं होतं.