टाकीतलं मचूळ पाणी

आई,

समिधाला आणायला स्टेशनवर चाललोय. आज नळ येणार हाय. बाकी सगळं भरून ठेव, पण माशांच्या टाकीला हात लावू नकोस. ते पाणी शिळं न्हाय, मीठ घालून मी मुद्दाम पुन्हा मचूळ केलंय. मागं तू ते ओतून ताजं भरलंस, खाडीचे मासे ते, गोड्या पाण्यात मेले आणि ती अलिबागला माहेरी निघून गेली. तुझं तरी काय चुकलं, आपल्याकडं शिळं पाणी कोण ठेवतं?

तिनं माहेरच्या खाडीतनं आणून त्याच टाकीत लावलेलं तिवराचं रोप मात्र तगलंय. आज त्याला नवं पान फुटलंय. ते सांगू नकोस, तिचं तिला दिसू दे. तू एवढंच म्हण, ‘नळ आलता, पण टाकी मी तशीच ठेवली.’

अजिनाथ