टाकी मोठी केली, पास

३ मार्च
आजपासून रोज लिहायचं. जामखेडकडच्या डेअरीचं काम आलंय. शामकांत सर (आमच्या नागापूरच्या कंपनीचे मालक) म्हणाले, अनीश, कंट्रोल पॅनलचा प्रोग्रॅम तू लिही, आणि तो तपासायला कॉम्प्युटरमध्ये डेअरीचं मॉडेलही तूच कर. पॅनलला वाटलं पाहिजे, खरीच डेअरी जोडली आहे. कस्टमरसमोर टेस्ट पास झाली की मी प्रोजेक्ट हेड. म्हणजे झालोच.

६ मार्च
पहिली टेस्ट. मॉडेलमधली दुधाची टाकी भरून वाहिली. प्रोग्रॅममध्ये चूक असणं शक्य नाही, तो मी लिहिलाय. टाकी मोठी केली. पास.

७ मार्च
परत वाहिली. टाकी आणखी मोठी. हाताखालची मनवा म्हणते, खरा व्हॉल्व्ह बंद व्हायला वेळ घेतो, तोवर दूध येतच राहतं. मॉडेलमधला आता घेत नाही, मी ती वेळच काढून टाकली. अडचण मुळापासून उपटावी.

११ मार्च
मनवा ज्युनिअर आहे. हिला सगळं मी शिकवलं. आज परत तेच, सर, मॉडेल साइटसारखं हवं, तुमच्या प्रोग्रॅमसारखं नको. जळते. तरी मन मोठं करून मॉडेलमधल्या पाइपांना स्क्रीनवर रंग द्यायचं काम तिला दिलं. मॉडेलचा पासवर्डही दिला.

१७ मार्च, सकाळी
आज कस्टमर. घरी सांगून ठेवलंय, येताना पेढे आणतो.

१७ मार्च, दुपारी
दगा! डेअरीचे मॅनेजर मच्छिंद्र ढवळे स्क्रीनकडे बघून म्हणाले, "एवढी टाकी बसवायची तर आमाला शेजारचं गाव उठवावं लागंल." सर हसले. वर मनवाला म्हणाले, खरी मापं घाल. ती तयारच होती! टाकीचं माप, व्हॉल्व्हची वेळ, सगळं साइटवरून आणलेलं. बटण दाबलं. स्क्रीनभर दूधच दूध. "लई वाहतंय वो," ढवळे म्हणाले. माझाच प्रोग्रॅम, माझंच मॉडेल, माझीच शिष्या. पाठीत सुरा खुपसतात तो असा. पेढे आणले नाहीत.

१८ मार्च
मनवाशी कायमचा अबोला. तिने चहा आणला, घेतला, पण बोललो नाही. प्रोग्रॅम तिने दुरुस्त केला म्हणे. प्रोजेक्ट हेड तीच. मला फार लागलं. पण सर म्हणाले, अनीश, साइटवर तू हवासच. शेवटी अनुभवी माणूस लागतोच!

२४ मार्च, डेअरी
खऱ्या टाकीत पाणी भरून टेस्ट. अनुभवी माणसाचं काम असं: शिडीवर उभं राहायचं, व्हॉल्व्ह बंद केल्यावर पाणी थांबायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. वर उभा राहून मी मनवावर केलेले एकेक उपकार आठवत होतो. पाणी कधी थांबलं कळलंच नाही. खालून मनवाने विचारलं, किती, सर? मी मोजलेच नव्हते. "असू दे सर, परत भरू," इतक्या मायेने म्हणाली की मला शिडीवरच रडू आलं.