मुळापासून ओव्हरहॉल

३ नोव्हेंबर, सकाळ
बाबांच्या जुन्या गाडीचं काम आजपासून हातात घेतलं. रोजनिशीही आजपासून. या वहीत पहिली तीन पानं गिटार शिकण्याची होती, ती फाडली.

परिस्थिती अशी : बाबांचं लायसन्स तीस तारखेला संपतंय. एक डोळा गेल्यात जमा, त्यामुळे पुन्हा मिळणार नाही. त्याआधी त्यांना आईला शेजारी बसवून एकदा तळ्यापर्यंत जायचंय. याच गाडीतून. लग्नानंतर दर रविवारी जायचे म्हणे. गाडी तीन वर्षं गॅरेजमध्ये पडून आहे.

बाबा म्हणाले, बॅटरी उतरली असेल रे, तेवढी चार्ज करून आण, निघेल गाडी. मला हसूच आलं. माणूस जन्मभर गाडी चालवतो आणि गाडी कळत नाही ती नाहीच. मी दोन महिने लाँचच्या इंजिनरूममध्ये काढलेत. (चहा द्यायला होतो, पण डोळे उघडे होते.) बसून राहिलेलं मशीन आतून सडतं. मुळापासून ओव्हरहॉल करणार. तीस तारीख म्हणजे अख्खा महिना हातात आहे.

बोनेट उघडलं. एअर फिल्टरमध्ये उंदराचं घरटं. ओलं. शी. आज एवढंच.

४ नोव्हेंबर
बॅटरी काढली. मरणाची जड. गॅरेजचं दार वाऱ्याने आपटतं, त्याला टेकवून ठेवली. दार गप्प. एका दिवसात एक दुरुस्ती पूर्ण.

ताई डोकावून गेली. विचारते, काय रे, माझा मिक्सर आठवतो का? निम्मा अजून पिशवीत आहे. या घरात कुणाला पुढे बघायचंच नाही.

५ नोव्हेंबर
पुढच्या दोन्ही सीटा काढल्या. खाली काय काय निघालं! वितळून रबर झालेली टॉफी, केसांचा गुंता, दात पडलेला कंगवा, गंजलेल्या हेअरपिना आणि एक मोजा. एकच. ही माणसं मला लहानपणी हात धुवायला सांगायची.

सीटा गच्चीवर फेकल्या. आईने हेअरपिना उचलल्या, माझ्या आहेत म्हणाली, आणि घासून खिडकीत वाळत घातल्या. यांना कशाचीच किळस नाही.

८ नोव्हेंबर
आज इंजिन उघडलं. हेड बाहेर, कार्बोरेटर बाहेर. कोपरापर्यंत काळं ऑइल, त्याला सडक्या अंड्यांचा वास. जेवण गेलं नाही. तरी गेलं तेवढं गेलं.

नट-बोल्टची मात्र शास्त्रशुद्ध व्यवस्था लावली. सामान्य मेकॅनिक जिथला बोल्ट तिथेच कागदात गुंडाळून ठेवतो. काय तो गबाळेपणा! मी सगळे साबणाच्या पाण्यात धुतले आणि आईच्या डब्यांत आकाराप्रमाणे लावले. लहान, मध्यम, मोठे. चमकतायत नुसते.

बाबा आले. चांगला डोळा डब्याजवळ नेऊन बघितलं. विचारलं, यातला कुठला कुठला? मी म्हटलं, हा लहान, हा मध्यम, हा मोठा. डब्याचं झाकण हळूच लावून परत गेले. इम्प्रेस झाले असणार.

१० नोव्हेंबर
पाठ धरली. विश्रांती.

११ नोव्हेंबर
विश्रांती चालू.

१३ नोव्हेंबर, दुपार
आज हॉर्न घेतला. हॉर्नशिवाय गाडी म्हणजे काय? पूर्ण खोलला, घासला, वायर बदलली. रेडिओच्या अडॅप्टरवर लावून वाजवला. असा वाजला की वरच्या मजल्यावरच्या काकू दाराशी आल्या. म्हणाल्या, गाडी सुरू झाली वाटतं? बाबाही धावत आले. चप्पल न घालता. मी म्हटलं, हॉर्न झाला. तर म्हणाले, हो का, बरं, आणि परत गेले. कौतुक करायला शिकवलंच नाही यांना कुणी.

१८ नोव्हेंबर
मधले दिवस बाहेरगावी होतो. तिथल्या भंगारबाजारात हेडचं ओरिजिनल गास्केट मिळतं असं बसमध्ये एकाने सांगितलं होतं. बाजार म्हणजे उकिरडा. चिखल, मेलेली घूस, तिच्यावर माशा, आणि तिच्या शेजारी बसून दुकानदार जेवतोय. गास्केट नाही मिळालं. पण जहाजावरचा पितळी दिवा मिळाला! गाडीला बसणार नाही, मोठा आहे. पण असा दिवा पुन्हा मिळत नसतो.

आईने विचारलं, गाडी कधी होईल रे? म्हटलं, आई, घाई करून कामं बिघडतात. तर म्हणे, बाबा रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये उभे राहून येतात. मग राहू देत की. मी काय अडवलंय?

१९ नोव्हेंबर
दिवा पॉलिश केला. अप्रतिम.

२२ नोव्हेंबर
जोडणी सुरू. मध्यम डब्यातले सगळे बोल्ट सारखे दिसतात, पण एकही सारखा बसत नाही. कुणी अर्ध्यात अडकतो, कुणी नुसता गरगर फिरतो. एक आतच तुटला. कंपनीने मुद्दाम घोळ घातलेला आहे. मला या गाडीचा, तिच्या कंपनीचा आणि एकूणच चाकाच्या शोधाचा उबग आलाय.

२५ नोव्हेंबर
ताईने मला न विचारता नाक्यावरच्या मेकॅनिकला आणलं. तंबाखू खाणारा माणूस. आल्या आल्या गॅरेजच्या कोपऱ्यात थुंकला. माझ्या कामाच्या जागेत!

डबे उघडून बघितले आणि हसत सुटला. मग हसायचा थांबला आणि फुटबोर्डवर बसला. मला म्हणे, कुठे शिकलात? मी म्हटलं, माझा शाळा-बिळांवर विश्वास नाही. म्हणे, दिसतंय. मग विचारतो, बॅटरी कुठाय? मी दार दाखवलं.

खांद्यावर टाकून घेऊन गेला, संध्याकाळी चार्ज करून परत आणली. टणाटण आहे म्हणाला. हिला काही झालं नव्हतं साहेब, गाडीलाही झालं नसावं. आता मात्र बक्कळ काम आहे, महिना तर धरूनच चला. बाबा तिथेच उभे होते. त्यांनी मेकॅनिकला चहा विचारला.

असलं मागाहूनचं शहाणपण कुणीही सांगेल. दिवसभर दार आपटत होतं ते वेगळंच.

२८ नोव्हेंबर
बाबांना उपाय सुचवला. लायसन्सच्या ऑफिसात अर्ज करा, महिनाभर मुदत वाढवून मागा. म्हणाले, ते देतीलही रे, डोळा देणार नाही.

दिवा पुन्हा पुसला.

३० नोव्हेंबर, सकाळ
बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गॅरेजमध्ये आले. म्हणाले, गाडी काढ बाहेर. मी समजावलं की इंजिन डब्यांत आहे. म्हणाले, माहिती आहे.

तेवढ्यात ताई मेकॅनिकला घेऊन आलीच. म्हणजे यांचं आधी ठरलेलं होतं. मला कुणी सांगितलं नाही. सीटांवर पक्ष्यांनी घाण केलेली, म्हणून जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या आत दोरीने बांधल्या. बाबा म्हणाले, हॉर्न पाहिजे. बॅटरी बसवली. दोन मिनिटं लागली.

३० नोव्हेंबर, संध्याकाळ
बाबा स्टिअरिंगवर. शेजारी आई, केसांत त्या हेअरपिना. मागून मेकॅनिक, ताई आणि मी. ढकला म्हणाली ताई, आणि मला एकट्याला, नीट ढकल, हे तरी.

बाबा क्लच दाबून गिअर टाकत होते. पहिला, दुसरा. वळणाच्या आधी हात बाहेर काढून दाखवला. नाक्यावर हॉर्न दिला. एक सायकलवाला बाजूला झाला. माझ्या नाकाखाली सायलेन्सर, त्यातून कुजलेल्या पाण्याचा वास, चपला घामाने निसटतायत.

लाँड्रीपाशी चढ लागला, तिथे गाडी थांबली. तिघांचं बळ संपलं. बाबांनी काच पुसली, समोर बघितलं आणि आईला विचारलं, तळं दिसतंय का गं?

आई म्हणाली, दिसतंय की. आज पाणी भरपूर आहे.

तिथून तळं दिसत नाही. लाँड्रीची भिंत दिसते आणि वाळत घातलेल्या चादरी. मी सांगणार होतो. दम लागला होता.

थोडा वेळ दोघं तशीच बसली. मग परत ढकलत आणली. गॅरेजमध्ये बाबांनी हँडब्रेक ओढला, चावी फिरवून बंद गाडी बंद केली आणि चावी आईकडे दिली. मेकॅनिकला थँक्यू म्हणाले, ताईच्या पाठीवरून हात फिरवला. मला म्हणाले, दार आपटतंय बघ.

बॅटरी काढून दाराला लावली. आता आपटत नाही.